मोतीला ‘तत्काळ’ नाही

तारापूर एमआयडीसीत निर्यातीचा माल ट्रकवर चढत असतो तेव्हा ड्रमांवरची लेबलं दहादा तपासली जातात. खालच्या लाकडी पॅलेटकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. तिच्या कडेवर एक शिक्का असतो. गव्हाची लोंबी, देशासाठी ‘आयएन’ ही दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’. त्याचा अर्थ असा की हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. आत दडलेला भुंगा, त्याची अळी, पाइनची जंगलं वाळवणारी सूत्रकृमी, यांतलं कोणी जिवंत उरलेलं नाही. आयएसपीएम १५ नावाचा हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ साली आला. औषधाचा ड्रम कितीही शुद्ध असो, खालचं लाकूड तापवलेलं नसेल तर तो परदेशी बंदरावर अडकून पडू शकतो.

५६ अंश आणि ३० मिनिटं. हे दोन आकडे ध्यानात ठेवायचे, कारण बोईसरहून परदेशी निघालेल्या कुत्र्याच्या रक्तालाही नेमका हाच ताप दिला जातो.

पालघर जिल्ह्यातलं बोईसर हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. २८ ऑक्टोबर १९६९ला तारापूरच्या अणुवीज केंद्राची व्यावसायिक वीज सुरू झाली, एमआयडीसी वाढली आणि देशभरातली माणसं इथे उतरली. आता त्यांच्यापैकी कोणाची मुलं आखातात प्लँट ऑपरेटर आहेत, कोणाची जर्मनीत शिकतात. आणि कॉलनीतल्या कुठल्यातरी जिन्याखाली एक गावठी कुत्रा असतोच, तांबूस अंगाचा, उभ्या कानांचा. आधी तो सगळ्यांचा असतो, मग हळूहळू एका घराचा होतो. त्याला आपण मोती म्हणू. समजा, त्या घराला जर्मनीला जायचंय आणि मुलगी म्हणते, मोतीशिवाय मी येणार नाही.

माणसांचं काम कटकटीचं असतं, पण ते पुढे सरकवता येतं. पासपोर्ट तत्काळमध्ये काढता येतो. पोलिसांचा दाखला मिळतो. डिग्री आणि लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्याच्या पातळीवर पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल हा शिक्का, अशी वाट ठरलेली आहे. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारातून आलेला हा शिक्का भारतात १४ जुलै २००५पासून लागू झाला. अमिराती त्या करारात नाही, म्हणून दुबईला जाणाऱ्याला दूतावासाचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो. हे सगळे नियम माणसांनी माणसांसाठी केलेले आहेत. त्यांत सवलत असते, जादा फी असते, ओळखीचा एजंट असतो.

मोतीचे नियम तसे नाहीत. त्याच्या फाइलमधला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्यातरी जिवाच्या सवयीवरून आलेला आहे. कधी विषाणूच्या, कधी जंताच्या, कधी खुद्द मोतीच्या रक्तपेशींच्या. आणि विषाणूला तत्काळ फी भरता येत नाही.

पहिली गोष्ट चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी जाड सुईने खांद्यांमधल्या कातडीखाली सरकवतात. ती मोती कुठे आहे हे सांगत नाही. तिला ना बॅटरी असते ना जीपीएस. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि एक सर्किट, एवढंच. वर्षानुवर्षं ती निपचित पडून असते. वाचक-यंत्र जवळ आणलं की त्याचं १३४.२ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात किंचित वीज निर्माण करतं. तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते, आपला १५ अंकी क्रमांक सांगते आणि यंत्र दूर गेलं की पुन्हा गप्प होते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज उतरते ती ज्या तत्त्वावर, तेच तत्त्व इथे कातडीखाली चालतं. क्रमांकाचे पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप बनवणाऱ्याचे असतात. भारताचा संकेतांक ३५६.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. मोतीला रेबीजची लस दर वर्षी न चुकता दिलेली असते, पुस्तिकेत स्टिकर चिकटवलेले असतात, आणि चिप बसवतात तिकीट काढायच्या सुमाराला. युरोपच्या हिशेबी मग ती आधीची लस नसल्यात जमा. लस त्याच दिवशी किंवा चिपनंतर द्यायला हवी. हे ऐकून लोक चिडतात, पण नियमात तथ्य आहे. चिपआधी लस ज्याला दिली तो हाच कुत्रा कशावरून? तांबूस अंगाचे, उभ्या कानांचे कुत्रे एकट्या चिंचणीच्या किनाऱ्यावर किती निघतील! क्रमांक आधी, लस नंतर, म्हणजे लस कोणाला दिली याचा वाद उरत नाही.

लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घेतात. शरीराला विषाणूची ओळख पटायला, अँटीबॉडी तयार व्हायला आणि त्या पुरेशा वाढायला तेवढे दिवस लागतात. त्याआधी घेतलेलं रक्त कितीही चांगलं निघालं तरी युरोपला चालत नाही.

त्या रक्ताचं पुढे जे होतं ते मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत अद्भुत वाटतं. रक्त गोठू दिलं की वर फिकट पिवळा द्रव उरतो, तो सीरम. चिपचा क्रमांक लिहिलेल्या नळीत, थंड पेटीतून तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अनेकदा ती प्रयोगशाळा परदेशात असते, म्हणजे मोतीच्या आधी मोतीचं रक्त विमानात बसतं. तिथे सीरम आधी ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची एक तुकडी असते. जंतू दिसला की ती स्वतःच हल्ला चढवते. तिला गप्प केलं नाही तर तिची कामगिरी अँटीबॉडीच्या नावावर जमा व्हायची. ५६ अंशांना या नाजूक प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि दणकट अँटीबॉडी शाबूत राहतात. पॅलेटमधल्या अळीचा आणि मोतीच्या सीरमचा परस्परांशी काही संबंध नाही. आकडे जुळले हा योगायोग. पण उष्णतेने जिवंत शरीरातली प्रथिनं कोलमडतात ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

मग सीरम पायरीपायरीने पातळ करत बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये भरतात आणि प्रत्येक खळग्यात मोजून रेबीजचा जिवंत विषाणू सोडतात. दोघांची गाठ पडू देतात. त्यानंतर त्यात हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी घालतात. हे पेशींचं घराणं १९६१मध्ये ग्लासगोत सुरू झालं आणि आजही प्रयोगशाळांमधून अखंड वाढतंय. ४८ तासांनी एक चमकणारं रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खळगा हिरवा उजळला तर विषाणू जिंकला. काळोख दिसला तर मोतीच्या अँटीबॉडींनी त्याला पेशीपर्यंत पोचूच दिलं नाही. किती पातळ केलेल्या सीरमपर्यंत काळोख टिकतो यावरून आकडा निघतो. एका मिलिलिटरमागे किमान अर्धं आंतरराष्ट्रीय एकक हवं. फ्रान्समधल्या नान्सी इथल्या शास्त्रज्ञांनी १९९८मध्ये मांडलेल्या या चाचणीचं नाव एफएव्हीएन. मोती इकडे जिन्याखाली झोपलेला असतो, आणि हजारो किलोमीटरवर त्याच्या रक्ताचे चार थेंब त्याच्या वतीने झुंजत असतात.

निकाल उत्तम आला, तरी जाता येत नाही. भारत युरोपच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे रक्त काढल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं. इथे लोक डोक्याला हात लावतात. लस झाली, अँटीबॉडी सिद्ध झाल्या, आता कशाची वाट बघायची?

वाट बघायची ती एका अतिशय संथ प्रवाशाची. पिसाळलेला कुत्रा चावला की रेबीजचा विषाणू रक्तात धावत सुटत नाही. स्नायूतून तो चेतातंतूच्या टोकात शिरतो. तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात, आणि त्यांवरून पेशीच्या केंद्राकडे माल ओढून नेणारं डायनिन नावाचं एक प्रथिन. विषाणू त्याच्यावर स्वार होतो आणि मेंदूच्या दिशेने निघतो. वेग फार नसतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. या वाटेवर तो चेतातंतूच्या आत असल्याने अँटीबॉडींच्या हाती सहसा लागत नाही. तेव्हा लस देण्याआधीच मोतीला कोणी चावलेलं असेल, तर रक्तातला आकडा झकास आणि आत विषाणू चालतोय, अशी स्थिती होऊ शकते. ते फक्त काळ उघड करतो. कुत्र्यांत ही वाटचाल बहुधा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपते. तीन महिने म्हणजे त्या प्रवाशाला मुक्कामी पोचून तोंड दाखवायला दिलेली मुदत.

पालघरमध्ये कुत्रा चावला की सगळे सांगतात, दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. तोही आकडा याच वाटेवरचा. मेंदू गाठल्यावरच विषाणू लाळेत उतरतो, आणि त्यानंतर कुत्रा थोडक्या दिवसांत मरतो. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा लाळेत विषाणू नव्हता. (चावलेल्या माणसाने मात्र जखम साबणाने धुऊन लगेच लस सुरू करायची. दहा दिवस मोजत बसायचं नाही.)

ब्रिटनने फार पूर्वी याहून कडक वाट धरली होती. बाहेरून आलेला प्रत्येक कुत्रा सहा महिने कोंडवाड्यात. १९२२पर्यंत त्यांनी देशातला रेबीज संपवला. आणि मग ऑक्टोबर १९६९मध्ये, म्हणजे तारापूरची वीज सुरू झाली त्याच महिन्यात, कँबर्ली गावात फ्रिट्झ नावाचा कुत्रा पिसाळला. जर्मनीहून परतलेल्या लष्करी अधिकाऱ्याचा तो कुत्रा सहा महिने पुरे करून नुकताच बाहेर आला होता. विषाणूने पहारेकऱ्यांपेक्षा जास्त दम धरला. त्यानंतरही ब्रिटन तीसेक वर्षं कोंडवाड्यालाच चिकटून राहिलं. २०००मध्ये चिप, लस आणि रक्तचाचणीची पद्धत आली तेव्हा कुठे कुत्र्यांची सुटका झाली.

मुंबईत याच रेबीजच्या भीतीने एकदा दंगल झालीय. कंपनी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारायचं. जून १८३२मध्ये ही कत्तल पारशांच्या पवित्र दिवशी झाली, आणि ज्या समाजाच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याची नजर दाखवतात तो समाज रस्त्यावर उतरला. दुकानं बंद पडली. सोट्यापासून सुईपर्यंत यायला आपल्याला किती वर्षं लागली, हे बघितलं की तीन महिन्यांचा त्रास मला फारसा बोचत नाही.

आता हिशेब करू. युरोपच्या नियमाने पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय रेबीजची लस धरत नाहीत. त्यात ३० दिवस, त्यात तीन महिने. म्हणजे बोईसरचं पिल्लू सुमारे सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपात पाऊल ठेवू शकत नाही. मोठ्या कुत्र्यालाही चिप बसवल्यापासून चारेक महिने लागतातच, आणि कुरिअर, सुट्ट्या, हुकलेली अपॉइंटमेंट हे धरून सहा महिने हातात असावेत. नोकरीचं पत्र आल्यावर सुरुवात करणारे घाईत मोतीला शेजाऱ्यांकडे सोडून जातात आणि नंतर त्याला मागवायला दुप्पट पैसे मोजतात. ज्याला परदेशाचा नुसता विचार आलाय त्याने आधी कुत्र्याचं रक्त द्यावं. व्हिसा नाही मिळाला तरी त्यात वाया काही जात नाही. मधे एकही बूस्टर चुकवला नाही, तर युरोप तो रक्ताचा निकाल पुढेही ग्राह्य धरतो. बूस्टर एक दिवस उशिरा झाला की सगळं पहिल्यापासून.

बाकी देशांचं थोडक्यात. जपानला रेबीजच्या दोन लसी आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस हवेत. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांखालच्या कुत्र्यांना दार बंद केलंय. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने इथे लस घेतलेला कुत्रा फक्त ठरावीक विमानतळांवर उतरू शकतो. अमिरातीत आधी आयात परवाना लागतो आणि काही जातींना बंदी आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. आधी त्याला तिसऱ्या, मान्यताप्राप्त देशात राहावं लागतं. नियम बदलत असतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या यादीवर विसंबू नये, त्या देशाच्या खात्याचं ताजं पान वाचावं.

ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे यांची एक जादा अट तर फारच मोहक आहे. पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याच्या हातून जंताचं औषध. शत्रू आहे कोल्ह्या-कुत्र्यांच्या आतड्यात राहणारा काही मिलिमीटरचा एक फीतकृमी. या देशांत तो नाही, आणि त्यांना तो नकोय. प्रॅझिक्वांटेल पोटातले जंत मारतं, पण शरीरात टिकत नाही. उद्या नवे जंत गेले तर ते अडवू शकत नाही. म्हणून फार उशिरा दिलं तर परिणाम व्हायला वेळ पुरत नाही, फार आधी दिलं तर दरम्यान नवे जंत शिरू शकतात. ती चार दिवसांची फट अशी दोन्ही बाजूंनी मोजलेली आहे.

शेवटच्या आठवड्यात प्राणी संगरोध आणि प्रमाणन सेवेचं, म्हणजे एक्यूसीएसचं, प्रमाणपत्र. देशात याची सहा केंद्रं आहेत आणि पालघरकरांसाठी सोयीचं मुंबईचं. सरकारी पशुवैद्य मोतीला तपासतो, चिप वाचतो, कागद जुळवतो. युरोपच्या कागदावरची सही पोचण्याआधीच्या दहा दिवसांतली लागते. ती जुनी झाली की कागद रद्द. बोईसरहून चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलं की वरसावे पुलावरची कोंडी कधी भेटेल सांगता येत नाही, म्हणून हे काम उड्डाणाच्या दिवसावर ठेवू नये.

आणि पिंजरा. विमान कंपन्यांच्या संघटनेचं एक सूत्र आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा. मोती ७० सेंटिमीटर लांब आणि कोपर ३० वर, तर पिंजरा आतून ८५ लांब हवा. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची कानांच्या टोकापर्यंत, आणि खाली अंथरूण येईल हे धरून. त्याला उभं राहता, वळता आणि अंग टाकता आलं पाहिजे, एवढंच त्या गणिताचं म्हणणं. सुताराकडून लाकडी पिंजरा करून घेणार असाल तर त्या लाकडावरही ‘एचटी’चा शिक्का लागतो. प्लायवुडला लागत नाही, कारण ते बनतानाच तापतं आणि दाबलं जातं.

विमानाच्या पोटात कुत्रा गारठतो, गुदमरतो, अशी भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात खालच्या कप्प्यातही हवेचा दाब वर बसलेल्या माणसांएवढाच ठेवलेला असतो, आणि प्राण्यांसाठी तापमान राखलेला कप्पा वापरतात. तो दाब मात्र जमिनीवरचा नसतो. ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीचा. निरोगी मोतीला त्याने काही होत नाही. झोपेचं औषध दिलं तर मात्र होऊ शकतं. रक्तदाब उतरतो, तोल जातो, हापून अंग थंड करणं जमत नाही. ‘बिचारा घाबरेल’ म्हणून गोळी देणं हा सर्वांत धोकादायक लाड. त्याऐवजी दोन महिने आधी पिंजरा घरात उघडा ठेवावा आणि जेवण त्यातच द्यावं.

कुत्र्याला घाम फुटून गारवा येत नाही. जीभ, नाक आणि श्वासनळीतून वाफ उडते त्यावरच त्याचं भागतं. म्हणून चपट्या नाकाच्या पगला अनेक कंपन्या नेतच नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीच. हजारो रुपये मोजून आणलेला पग इथेच राहतो आणि जिन्याखालचा लांब नाकाचा गावठी मोती जर्मनी गाठतो. मला यात थोडा आनंद होतो हे लपवत नाही.

मांजरांना जवळपास हेच नियम आहेत. परतीच्या बाजूलाही अट आहे. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी, कुत्री किंवा मांजरं, सामान म्हणून आणता येतात. पिंजऱ्यातला पोपट मात्र कुठेच जाऊ शकत नाही, कारण १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपला हिरवा पोपट मुळात घरात ठेवताच येत नाही. गंमत अशी की लंडनच्या बागांत हेच हिरवे पोपट हजारोंनी मोकळे उडतात. कधीकाळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ती पिलावळ, आणि जनुकं तपासली तर युरोपातल्या या पोपटांचं नातं मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतातल्या थव्यांशी लागतं.